मिस्त्रीला विचारा : नवी गाडी हप्त्यावर, की जुनी रोखीत?

प्रश्न : मिस्त्री काका, मी पलूस तालुक्यातला. आयटीआयला फिटर केलं आणि दोन महिन्यांपूर्वी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात लागलो. सहा महिने ट्रेनी, हातात साडेचौदा हजार पडतात. जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात, आठवड्याआड रात्रपाळी असते. आत्तापर्यंत गावातल्या एकाच्या मागं बसून जायचो, आता त्याची पाळी बदलली. जवळ ४२ हजार साठलेत. वडील म्हणतात, पाडव्याला नवी स्प्लेंडर घे, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. शोरूमवाल्यानं सगळं मिळून ९२ हजार सांगितलेत. २२ हजार भरा, बाकी ७० हजारांचा ३६ महिने २,५३० रुपये हप्ता. दुसरीकडं मित्राच्या मामांची २०११ ची स्प्लेंडर २४ हजारांत मिळतेय. इंजिन कधी खोललेलं नाही म्हणतात. घरात रोज यावरून बोलणं होतंय. काय करू?
— एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरेच करतो.

गाडी कुठली हे नंतर, आधी ती किती पळणार ते बघू. रोज साठ किलोमीटर, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे १,५६० किलोमीटर. वर्षाला १८ हजारांच्या वर. माझ्याकडं सर्व्हिसिंगला येणाऱ्या कितीतरी गाड्या शाळा, बाजार आणि रान एवढंच करतात, त्यांचं वर्षाचं रनिंग पाच हजारही भरत नाही. तू त्यांच्या जवळजवळ चौपट पळवणार, त्यातही निम्म्या वेळा रात्री. त्यामुळं शेजारच्याला जी गाडी परवडली ती तुला परवडेलच असं नाही.

आता नव्या गाडीचा हिशोब. ७० हजारांवर एजंटानं तुला दहा टक्के व्याज सांगितलं असणार. वर्षाला सात हजार, तीन वर्षांचे २१ हजार, मुद्दल धरून ९१ हजार, भागिले ३६. बरोबर तुझा हप्ता येतो. याला फ्लॅट व्याज म्हणतात. तू मुद्दल फेडत गेलास तरी व्याज पहिल्या दिवसाच्या ७० हजारांवरच लागत राहतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनं मांडलं तर हेच व्याज अठरा टक्क्यांच्या जवळ जातं. म्हणजे ९२ हजारांची गाडी तुला १ लाख १३ हजारांना पडणार. आणि शेवटचा हप्ता भरशील त्या दिवशी तिचं ५६ हजार किलोमीटर रनिंग झालेलं असेल. चेन सॉकेट, टायर, क्लच प्लेट यांचा खर्च हप्ते चालू असतानाच येऊन गेलेला असेल.

हप्ता २,५३० आणि पेट्रोल. १०५ रुपये लिटर धर, साठचं ॲव्हरेज धर, तरी महिन्याला २६ लिटर, म्हणजे २,७३०. दोन्ही मिळून सव्वापाच हजार. साडेचौदातले सव्वापाच रस्त्यावर गेले, आणि तू अजून ट्रेनी आहेस. सहा महिन्यांनी कायम केलं तर उत्तम. पण कारखान्यानं थांबवलं तर हप्ता थांबत नाही. कर्जाचे तीन हप्ते थकले म्हणून ओढून नेलेल्या गाड्या मी पाहिल्यात, पोरं गाडी नेणाऱ्यांच्या पाया पडतात. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज तरी नवी नको असं मी म्हणतो. नव्या गाडीत खोट आहे म्हणून नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं नवी गाडी पूर्वीपेक्षा स्वस्तच झालीय. पगार कायम होऊन वीसच्या वर गेला, निम्मे पैसे रोख भरता आले, की खुशाल नवी घे. पेढे मी देईन.

मग मामांची २०११ ची? ती तर अजिबात नको.

मामा खोटं बोलत नसतील. २०११ ची स्प्लेंडर म्हणजे दगडासारखी टणक गाडी आहे. त्याच साली हिरो आणि होंडा वेगळे झाले, म्हणून टाकीवर दोघांचं नाव असेल किंवा एकट्या हिरोचं, पार्ट तेच बसतात आणि कुठल्याही गावात मिळतात. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली आरसी बुकात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. २०११ च्या गाडीचं २०२६ मध्ये संपतं. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यायचं तर गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, शुल्क, पर्यावरण कर, आणि त्याआधी ती दाखवण्यालायक करायचा खर्च. वर एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळं तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघावं लागेल. मामा नेमके आत्ताच का विकतायत, याचं उत्तर बहुतेक त्या तारखेत आहे.

दुसरी अडचण ॲव्हरेजची. ‘इंजिन कधी खोललेलं नाही’ ही गोष्ट विकणारा कौतुकानं सांगतो. पंधरा वर्षांच्या गाडीचं इंजिन खोललेलं नसेल तर ते खोलायचं काम घेणाऱ्याच्या वाट्याला आलेलं असतं. इंजिनातल्या रिंगा झिजलेली स्प्लेंडर साठ देत नाही, पंचेचाळीसवर येते. तुझ्या रनिंगला साठ आणि पंचेचाळीस यात महिन्याला साडेआठ लिटरचा फरक पडतो, म्हणजे नऊशे रुपये. वर्षाचे जवळपास ११ हजार नुसते धुरात. महिन्यातून दहा दिवस गाडी चालवणाऱ्या माणसाला ही गाडी पुरेल, मामांना इतकी वर्षं पुरलीच ना. तुझ्या साठ किलोमीटरला ती पुरणार नाही.

आता मला मनापासून सुचतं ते सांगतो. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या एका वर्षात विकली गेलेली शंभर सीसीची गाडी शोध.

कारण असं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला सीबीएस सक्तीचं झालं. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, गाडी मागून सहजी फिरत नाही. उसाचा गळीत हंगाम चालू असताना पहाटे पाचला पाळी सोडून येणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. तुमच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्या. मी स्वतः माधवनगरजवळ तशा कांड्यांवरून घसरलोय, गुडघा अजून दुखतो. त्याच तारखेपासून सुरक्षा नंबरप्लेट गाडीबरोबरच येऊ लागली. आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा कडक नियम आला, तेव्हा बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजेक्शन वाईट नाही, थंडीत एका बटणात चालू होतं. पण त्याचा सेन्सर बिघडला तर स्कॅनर लागतो, पंप गेला तर खर्च मोठा, आणि बॅटरी पूर्ण उतरली की किक मारूनही गाडी दाद देईलच असं नाही. रात्री दोनला वाटेत कुठंतरी बंद पडली तर कार्बोरेटरची गाडी पान्यानं आणि प्लगनं चालू होऊ शकते. तू फिटर आहेस, तुला हाताशी खोलता येईल अशी गाडी तुझी मैत्रीण आहे. नव्या ब्रेकची आणि जुन्या कार्बोरेटरची गाडी बहुतेक करून त्या एकाच वर्षात मिळते. माझ्याकडं कुणी विचारायला आलं की मी हेच वर्ष सांगतो.

स्प्लेंडरवरच अडून बसू नकोस. त्या वर्षाच्या स्प्लेंडरला आमच्याकडं अजून चाळीसच्या वर मागतात, ते नावाचे पैसे. तशीच चाललेली प्लॅटिना किंवा टीव्हीएस स्पोर्ट पाच-सात हजारांनी खाली मिळते. लांबच्या रस्त्याला प्लॅटिनाची सीट मला तरी जास्त आवडते. गाडीला ३३ हजारांच्या वर जाऊ नकोस. उरलेले नऊ हजार खिशात ठेव. जुन्या गाडीची खरी किंमत मालकाला दिलेली नसते, पहिल्या दोन महिन्यांत मिस्त्रीला आणि आरटीओत जाते ती धरून असते. जीएसटी उतरल्यावर जुन्यांचे भावही उतरायला हवे होते, विकणारे अजून जुन्याच भावावर आहेत. घासाघीस करताना हे तोंडावर बोल.

गाडी बघायला सकाळी जा. आदल्या दिवशी फोन करून सांग, ‘सातला येतो, चालू करू नका.’ गेल्या गेल्या इंजिनच्या पंखांवर हात ठेव. कोमट लागलं तर मालकानं तुझ्या आधी ती चालू करून ठेवलीय. थंड इंजिन काही लपवत नाही. मग उजव्या बाजूची ऑइलची कांडी फिरवून काढ आणि बोटावर ऑइल घे. काळं असलं तर चालतं, तळाला गेलेलं किंवा दुधाळ असलं तर तिथूनच परत फिर. किक हातानं दाब, पायानं नव्हे. हाताला मधेच अडल्यासारखं लागलं पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तशी किक खाली गेली तर इंजिनात दाब उरलेला नाही. चालू झाल्यावर सायलेन्सरच्या मागं उभा राहा. पहिल्या मिनिटाला निळसर धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सील, ते काम थोडक्यात होतं. रेस देताना प्रत्येक वेळी निळा धूर सुटला तर रिंगा, मग हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलून करायचं काम. पाच-सहा हजार तिथंच.

मग गाडी मधल्या स्टँडवर लाव. पुढचं चाक उचलून हँडल अगदी हळू डावीउजवीकडं फिरव. बरोबर मध्यावर ‘कट्’ करून अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेला. मागच्या सॉकेटवरची चेन दोन बोटांनी मागं ओढ, दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन सॉकेट बदलायचा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांचा टायर नक्षीनं कितीही भरलेला दिसला तरी रबर दगड झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, तो मीटर बदलला की बदलतो. गिअर लिव्हरचं रबर बघ, मागच्या ब्रेकच्या पायटीवरचे खवले बघ, चावीचं भोक बघ. ‘पंधराच हजार पळालीय’ म्हणतात आणि ब्रेकची पायटी आरशासारखी गुळगुळीत असते.

आपल्या भागात एक गोष्ट जास्तीची बघावी लागते, पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा आलं. ओसरल्यावर माझ्या दारात रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग होती, जेवायलासुद्धा आम्ही पाळीपाळीनं बसायचो. एका गाडीचा ड्रेन बोल्ट मी सोडला तर आधी नुसतं पाणी आलं, मग दुधाच्या चहासारखं काहीतरी, आणि शेवटी त्या भोकातून बारीक गाळ ओघळून बोल्टच्या आट्यांत बसला. बोट फिरवलं तर मैद्यासारखा मऊ. ती गाडी आम्ही चार वेळा ऑइल घालून, चालवून, काढून धुतली. मालकानं मनापासून पैसे घातले. पण त्या रांगेतल्या कितीतरी गाड्या नुसत्या फवाऱ्यानं धुऊन, पॉलिश मारून दुसऱ्या तालुक्यांत विकल्या गेल्या, आणि त्या अजून फिरतायत. मी सांगतो तेच वर्ष पुरातही सापडलंय, हे विसरू नकोस. त्यासाठी पुढच्या हेडलाइटचे दोन बोल्ट सोड आणि काच पुढं ओढून आत टॉर्च मार. वायरिंगचे सगळे जोड तिथं असतात. पिन्नांवर हिरवट बुरशी आणि प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात मातीची वाळलेली रेघ दिसली तर गाडी पाण्याखाली होती. मालक नाही म्हणाला तरी होती. अशी गाडी दहा हजारांनी स्वस्त दिली तरी घेऊ नकोस, तिचं वायरिंग तुला पावसाळ्यात रस्त्यावर उभं करील.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळव. हँडलच्या मानेवर कागद धरून पेन्सिल घास, ठसा स्वच्छ उठला पाहिजे. गाडीच्या नंबरावर चलनं किती थकलीत ते ऑनलाइन दिसतं, ती विकणाऱ्यानं भरायची. आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर ते उतरवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एमएच-१० सोडून दुसऱ्या पासिंगची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घे. २०१९ ला नव्या गाडीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा काढलेला असायचा, तो २०२४ ला संपलाय. ‘विमा आहे’ म्हणतील, कागद हातात घेऊन तारीख वाच. नसेल तर वर्षाचा साडेआठशेच्या आसपास येतो, गाडी हलवायच्या आधी काढ. आणि व्यवहारातले पाच हजार गाडी तुझ्या नावावर होईपर्यंत हातात ठेव. सज्जन मालक याला नाही म्हणत नाही.

तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. दुसऱ्याचं दुखणं विकत घेऊ नये हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्यांना गाडी बघायला बरोबर ने, हँडल त्यांच्या हातात दे. पाडव्याला दारात गाडी उभी राहू दे, हार घाला, नारळ फोडा. गाडी सात वर्षांची असली म्हणून पूजा कमी होत नाही. आणि रात्रपाळीसाठी जास्तीचा एक दिवा घेतल्यासारखं दोनशे रुपयांची लाल रिफ्लेक्टर पट्टी घे, मागच्या मडगार्डला आणि हेल्मेटला लाव.

प्रश्न : मी शाहूवाडी तालुक्यात आशा सेविका आहे. वाड्यावस्त्यांवर चढाचे कच्चे रस्ते आहेत. उंची पाच फूट. स्कूटीची चाकं खड्ड्यात अडकतात म्हणून गिअरची गाडी घ्यावी म्हणते. भावाची प्लॅटिना पडून आहे, तो फुकट देतोय. की नवी घेऊ? रोजचं रनिंग पंधरा-वीस किलोमीटर.
— एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्याबाबतीत नवी-जुनीपेक्षा पाय टेकतात का हा प्रश्न मोठा आहे. चढावर गाडी थांबली आणि पाय पोचला नाही की गाडी आडवी होते, आणि तुमच्या पाठीवर औषधांची पिशवी असते. प्लॅटिनाची सीट ८०७ मिलिमीटर उंच आहे. स्प्लेंडरची ७८५, होंडा शाइन १०० ची ७८६. दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण पाच फुटांच्या माणसाला तेवढ्यातच चवडा टेकायचा की नुसती बोटं हे ठरतं. वजनातही फरक आहे. शाइन १०० पेट्रोलसकट ९९ किलोची आहे, पडली तर उचलता येते.

भावाची गाडी फुकट आहे, तर आधी तिच्यावर शिका. महिनाभर माळावर, मग रस्त्यावर. सीटवाल्याकडून फोम दीड इंच काढून घेता येतो, तीन-चारशे रुपयांत होतं आणि बराच फरक पडतो. पडून असलेल्या गाडीची टाकी मात्र पूर्ण रिकामी करून घ्या, कार्बोरेटर साफ करा आणि पेट्रोलची नळी बदला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच कारखान्यांच्या उसाचं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाला बसतं. ब्रेकचे लायनर पुढचे-मागचे नवे टाका, जुने चांगले दिसले तरी. उतारावर लहान गिअरमध्ये या, नुसत्या ब्रेकवर नको.

सहा महिन्यांनी वाटलं की गिअरचीच गाडी हवी, पण हिच्यावर पाय पोचत नाही, तर मग नवीचा विचार करा. तुमच्या रनिंगला चांगली सांभाळलेली जुनी गाडी दहा वर्षं जाईल. एक करा, भावाकडून ती तुमच्या नावावर करून घ्या. भाऊ असला तरी. का ते खालच्या पत्रात लिहिलंय.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी माझी डिस्कव्हर ओळखीतल्या एकाला विकली. गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, आरसी दिली. त्यानं ती पुढं कुणाला तरी विकली म्हणे. परवा माझ्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचं चलन आलं. पाचशेचा प्रश्न नाही, पण काळजी करण्यासारखं आहे का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : आहे. खूप आहे. माझ्यावर गेलेली गोष्ट सांगतो.

२००१ साली मी माझी स्वतःची गाडी १२ हजारांना विकली. घेणारा रोज चहाला भेटणारा माणूस. मी २९ आणि ३० नंबरच्या, म्हणजे त्याच टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या केल्या आणि मोकळा झालो. गॅरेजवाला असून मी हे केलं. गाडी दोन हात पुढं गेली. २००४ साली दुपारी जेवत होतो, हवालदार दारात. त्या गाडीनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला उडवलं होतं, चालवणारा पळून गेला होता. विमा संपलेला. आरसीवर नाव माझं. मी म्हटलं, साहेब, गाडी तीन वर्षांपूर्वी विकली. ते म्हणाले, कागद दाखवा. माझ्याकडं कागद नव्हता.

त्या आजोबांचा पाय कायमचा गेला. मी त्यांना कोर्टाच्या व्हरांड्यात पहिल्यांदा पाहिलं, काठी भिंतीला लावून बसले होते. त्यांना पैसे मिळायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती. पण ते ज्यानं द्यायचे तो सापडला नाही, आणि कायद्यानं नोंदलेला मालक मीच होतो. सहा वर्षं तारखा. शेवटी घरातल्या पाटल्या मोडल्या तेव्हा तो विषय मिटला. बायको त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, म्हणून मला ते जास्त लागतं.

तेव्हा तुम्ही उद्याच उठा. आधी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून नाव कुणाचं दिसतं ते पाहा, तुमचंच दिसणार. ज्याला विकली त्याला गाठा, ओळखीतला आहे तर पुढच्या माणसापर्यंत तोच नेईल. गाडी आता ज्याच्याकडं आहे त्याच्या नावावर थेट करायचा अर्ज त्याच्यासोबत बसून भरा. खर्च तुमच्या खिशातून गेला तरी चालेल. तो टाळाटाळ करू लागला किंवा सापडलाच नाही, तर कधी, कुणाला, किती रुपयांना विकली हे लिहून आरटीओला रजिस्टर पोस्टानं कळवा, तसाच अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवा. विकताना पैसे बँकेतून आले असतील तर ते पासबुकाचं पान लागेल. रोखीत घेतले असतील तर त्या वेळी हजर असलेल्या माणसाचं नाव लिहा.

आणि हे सगळं होईपर्यंत एक काम आजच करा. त्या गाडीच्या विम्याची तारीख बघा. संपला असेल तर थर्ड पार्टी विमा तुम्हीच भरा, गाडी तुमच्या ताब्यात नसली तरी. दुसऱ्याच्या गाडीचा विमा आपण का भरायचा असं मनात येईल. पण आरसीवर नाव तुमचं आहे, आणि ती गाडी आत्ता कुठल्या तरी रस्त्यावर आहे.